कमी झालं, बरं झालं

हे वाचून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. धीर द्यायला दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर लावलेली असतात, त्यावर चष्मा न घातलेले आजी-आजोबा हसत असतात. मी हे सांगतोय ते एवढ्याचसाठी की काचबिंदूचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाने आपला कागद दोनदा वाचावा आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा. तो मी विचारला नाही. प्रश्न कोणता ते पुढे येईल.

सांगतोय म्हणजे खरोखरच तोंडाने सांगतोय. माझी मुलगी पल्लवी समोर लॅपटॉप घेऊन बसली आहे आणि मी बोलेन तसं टाइप करते आहे. रविवारची दुपार आहे. मला आता स्क्रीनवरची ओळ सरळ दिसत नाही.

माझं काम

वाळूजला गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलो. शाफ्ट म्हणजे साधा गोल लोखंडी दांडा, पण त्याची जाडी केसाच्याही अंशात मोजावी लागते. प्रत्येक मापाला ड्रॉइंगवर दोन मर्यादा दिलेल्या असतात, एक वरची आणि एक खालची. शाफ्ट वरच्या मर्यादेपेक्षा जाड निघाला तर परत मशीनवर चढवून घासता येतो. खालच्या मर्यादेपेक्षा बारीक निघाला तर त्याचं काहीही होत नाही. तो लाल पेटीत टाकायचा, तिथून तो भंगारात जातो.

मशीनवर नवा माणूस आला की मी त्याला पहिल्याच दिवशी दम द्यायचो, "जास्त झालं तर माझ्याकडं ये, आपण बघू. कमी झालं तर तोंड दाखवू नको." लोक हसायचे. मला वाटायचं, आपण फार शहाणे आहोत.

चौतीस

तीन वर्षांपूर्वी मी औरंगपुऱ्यात चष्म्याचा नंबर काढायला गेलो. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा धूसर दिसायला लागल्या होत्या, वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. दुकानदाराने दोनदा तपासलं आणि म्हणाला, "काका, हे काम माझं नाय. डोळ्याच्या दवाखान्यात जा, आजच जा."

दवाखान्यात डोळ्याचं प्रेशर मोजलं. उजव्याचं चौतीस, डाव्याचं बावीस. एकवीसच्या आत हवं असतं म्हणे. मग एका डबड्यात तोंड घालून बसवलं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ मला काही दिसलंच नाही. मशीन बंद पडलं असेल असं वाटून मी तसं म्हणालोसुद्धा. मशीन चालू होतं.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची असेल तर प्रेशर खाली आणावं लागेल. मला राग आला तो याचा, की डोळा एकदाही दुखला नव्हता. लाल झाला असता, पाणी आलं असतं, तर माणूस सावध झाला असता. इतक्या सभ्यपणे घर लुटणारा चोर मी पाहिला नव्हता.

नातेवाइकांनी आपापल्या परीने सांत्वन केलं. "काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूच की. दहा मिनिटांचं काम." असं म्हणणारे मी अकरापर्यंत मोजले, मग सोडून दिले.

आमच्या घरातला शब्द

थेंब सुरू झाले. पिवळ्या झाकणाची एक बाटली, हिरव्या झाकणाची एक. दोन्ही डोळ्यांत, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. बाटली जवळ आली की माझी पापणी मिटते, ती आजही मिटते. त्यामुळे थेंब घालायचं काम माझ्या बायकोने, सुनंदाने, स्वतःकडे घेतलं. कणकेचे हात धुवून ती यायची, डाव्या हाताने पापणी ओढायची, उजव्या हाताने थेंब सोडायची. दोन वर्षांत तिने एक वेळ चुकवली नाही. लग्नाला गेलो तर बाटल्या तिच्या पर्समध्ये असायच्या.

त्या दोन वर्षांत आमच्या घरात प्रेशर हा एकच शब्द राहिला. दवाखान्यातून बाहेर पडलो की पल्लवीचा फोन, "पप्पा, किती आलं?" सव्वीस म्हटलं की "अरे देवा." एकोणीस म्हटलं की "अरे वा!" शेजारच्या वहीदाभाभी कुंपणावरून विचारायच्या, "भाईसाब, कम हुआ क्या?" कमी म्हणजे चांगलं आणि जास्त म्हणजे वाईट, एवढं शास्त्र आम्हाला पाठ झालं. शाळेत घोकलेला पाढा जसा विसरत नाही, तसं ते डोक्यात बसलं.

थेंबांनी भागलं नाही. उजवा डोळा पुन्हा तिशीकडे गेला आणि बाईंनी ऑपरेशन सांगितलं. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर झिरपायला बारीकशी वाट करायची, म्हणजे प्रेशर उतरतं. ऑपरेशन नीट झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दोन अक्षरं

घरी सोडलं त्या दिवशी पल्लवी तिच्या नोकरीवर होती. मी आणि सुनंदा दोघंच होतो. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि चष्मा पिशवीत तळाला गेला होता. सिस्टर घाईत होत्या, त्यांच्यामागे आणखी सहा जण सुटायचे होते. त्यांनी सुनंदाच्या हातात कागद दिला आणि एका दमात सांगितलं, "हे नवीन थेंब ऑपरेशनच्या डोळ्यात. जुने चालू ठेवा. आठ दिवसांनी दाखवा."

जुने चालू ठेवा. कुठल्या डोळ्यात, ते त्या बोलल्या नाहीत. कागदावर लिहिलं होतं, जुने थेंब फक्त डाव्या डोळ्यात. पण ते इंग्रजीतल्या दोन अक्षरांत लिहिलं होतं, आणि ती दोन अक्षरंही अशी की मुंगी चिरडल्यासारखी. सुनंदा नववी शिकलेली. तिने कागद देवघरातल्या डब्यात नीट घडी करून ठेवला आणि जुने थेंब दोन वर्षं घालत होती तसेच घातले. दोन्ही डोळ्यांत.

सहा

आठ दिवसांनी दाखवायला गेलो तेव्हा बाई बाहेरगावी होत्या. त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांनी मोजलं आणि म्हणाले, "सहा. छान आहे. पुढच्या आठवड्यात बाईंना दाखवा."

सहा! माझ्या आयुष्यात मला इतका कमी आकडा मिळाला नव्हता. मी रिक्षातूनच सगळ्यांना फोन केले. कारखान्यात साळुंकेसाहेबांना कळवलं, ते म्हणाले, "मग जॉइन कधी होता?" सुनंदाचा भाऊ दुसऱ्या दिवशी सोयगावहून पेढे घेऊन आला. "दाजी, सहा म्हणजे लईच भारी," तो म्हणाला, "आता काय टेन्शन नाय." पेढा त्याने माझ्या तोंडात कोंबला. आम्ही सगळे हसत होतो.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो नाही. मार्क चांगले पडल्यावर पेपर पुन्हा तपासायला कोण देतं? थेंब मात्र चालू होते, सकाळी सात आणि संध्याकाळी सात.

चौकट

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून उठलो आणि दाराची चौकट वाकलेली दिसली. मध्ये फुगलेली, वर आवळलेली. मी डावा डोळा झाकून पाहिलं, आणखी वाकली. उजवा झाकून पाहिलं, चौकट सरळ. न्हाणीतल्या फरशांच्या रेघा तर नागासारख्या चालत होत्या. एकवीस वर्षं सरळ-वाकडं ठरवण्याचा पगार घेतलेला माणूस मी. मी हात लावून चौकट तपासली. लाकूड सरळ होतं.

वहीदाभाभींना सुनंदाने कुंपणावरून सांगितलं, "यांचं प्रेशर एवढं कमी झालंय, तरी दिसू नाय राहिलं नीट." भाभी पाच मिनिटांत ग्लास घेऊन हजर. "लो हो गया बोले तो नमक-शक्कर का पानी पिलाव पहले. मेरे कू भी होता." मी ते मीठ-साखरेचं पाणी प्यालो. हसू नका, तुम्हीही प्याला असता.

दवाखान्यात मोजणाऱ्या मुलीने एकदा मोजलं, मशीन पुसलं, पुन्हा मोजलं. "दोन," ती हळूच म्हणाली.

"अरे वा," मी म्हणालो.

बाटल्या

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या दिव्यातून आत बघत राहिल्या.

"काका, हे फार कमी आहे."

"कमी चांगलंच ना, मॅडम?"

"एका हद्दीपर्यंत. डोळ्याला आकार धरून ठेवायला प्रेशर लागतंच. फुटबॉलमधली हवा गेली की कातडं कसं सुरकुततं? तसा आतला पडदा चुरगळलाय. म्हणून रेघा वाकड्या दिसतायत."

"मग खाली किती चालतं?"

हाच तो प्रश्न. पाच-सहापर्यंत आम्ही नजर ठेवतो, त्याखाली गेलं की काळजी, असं त्या म्हणाल्या. मी दोन वर्षं वरची मर्यादा जपमाळेसारखी घोकली होती. खालची मर्यादा किती, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारलं नाही तर माफ आहे. मी विचारायला हवं होतं.

मग बाईंनी विचारलं, "कुठले थेंब घालता?"

सुनंदाने पर्समधून बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. नव्या दोन, जुन्या दोन. बाईंनी पिवळ्या झाकणाची उचलली. "ही उजव्या डोळ्यात पण?"

"व्हय," सुनंदा म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत. सकाळ-संध्याकाळ. एक टाइम चुकवला नाय बगा." तिला वाटलं, शाबासकी मिळणार आहे.

बाईंनी बाटली खाली ठेवली. ते थेंब डोळ्यात पाणी कमी बनावं म्हणून असतात. एकीकडून पाणी बाहेर जायला वाट करून दिलेली, आणि दुसरीकडून नळ बंद करत आणलेला.

मी त्या खोलीत ओरडलो. "तुला कागद वाचता येत नाही का? डोळा घालवलास माझा!" दाराशी उभे असलेले पेशंट आत डोकावले. सुनंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बाटल्या एकेक करून पर्समध्ये भरल्या आणि चेन लावली.

बसून राहण्याचे दिवस

उजव्यातले जुने थेंब त्याच दिवशी बंद झाले. बाहुली मोठी करायचे वेगळे थेंब आले, डोळ्यावर घट्ट पट्टी आली, आणि मनाई आली. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खोकायचं नाही, कुंथायचं नाही. शिंक आली तरी मी देवाचं नाव घ्यायचो. चपलासुद्धा सुनंदा घालून द्यायची आणि मी वर छताकडे बघत पाय पुढे करायचो.

आता घरातला पाढा उलटा झाला. "पप्पा, किती आलं?" "तीन." "वाढलं! वाढलं ना?" मेव्हण्याला हे काही केल्या जमेना. "चारावर गेलं," असं सांगितलं की तो फोनवर म्हणायचा, "अरेरे."

चारावर अडून बसलं. मग बाईंनी माझ्याच दंडातलं रक्त काढून माझ्याच डोळ्याच्या त्या वाटेभोवती सोडलं, ती वाट थोडी बुजावी म्हणून. आठवडाभर मी आरशात पाहिलं नाही. आकडा पाचावर गेला आणि परत तीनावर आला.

भेटायला येणाऱ्यांना काहीतरी कारण लागतं. कारण तयार होतं, सुनंदाने चुकीचे थेंब घातले. हे मी एकदाच सांगितलं, पुढे ते आपल्या पायांनी फिरलं. मेव्हणा तिला माझ्यादेखत म्हणाला, "ताई, तू पण ना, विचारायचं तरी कुणाला." पल्लवी म्हणाली, "आई, निदान कागदाचा फोटो पाठवायचास मला. एक फोटो." सुनंदा स्वयंपाकघरात होती. भाकरी थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी पट्टी बांधून खुर्चीत बसलो होतो आणि गप्प होतो.

पल्लवी आत्ता टाइप करता करता म्हणाली, "पप्पा, हे कशाला लिहायचं?" मी म्हटलं, लिही.

अकरा

शेवटी पुन्हा ऑपरेशन. ती वाट टाके घालून आवळायची. भूल फक्त डोळ्याची होती, बाकी मी सगळं ऐकत होतो. मला खोकल्याची भीती वाटत होती. तिथल्या एका सिस्टरने माझा हात धरला आणि म्हणाल्या, "काका, खोकला आला की आधी माझं बोट दाबायचं, मी मॅडमला थांबवते." पाऊण तास त्यांनी बोट सोडवलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला कुणाबद्दल निखळ चांगलं आठवत असेल तर त्या बोटाबद्दल. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा सव्वीस, मग चौदा, मग अकरा. अकरावर टिकला तो आजपर्यंत टिकलेला आहे. बाई पहिल्यांदा हसल्या.

रेघा मात्र सरळ झाल्या नाहीत. मी दर वेळी विचारायचो, बाई दर वेळी म्हणायच्या, थोडं थांबू. तिसऱ्या महिन्यात त्यांनी थांबू म्हणणं सोडलं. पडदा बरेच दिवस चुरगळलेला राहिला, त्याच्या काही घड्या तशाच राहणार, असं त्यांनी सांगितलं.

सुनंदाने तेव्हा तोंड उघडलं. "थेंबांनीच झालं का हे, मॅडम?"

"वाट मुळातच जास्त मोकळी झाली होती," बाई म्हणाल्या, "थेंबांनी त्यात भर घातली. किती कशामुळं, ते मला सांगता येणार नाही."

मला हे उत्तर आवडलं नाही. मला पूर्ण माप हवं होतं.

कामावर गेलो तेव्हा टेबल तेच होतं. मी मायक्रोमीटर उचलला, रेघ धरायला गेलो, ती हलली. डाव्या डोळ्याने जमतं, पण उजवा मध्ये येऊन लुडबुड करतो. साळुंकेसाहेबांनी दोन दिवस पाहिलं आणि मला स्टोअरला बसवलं. तिथे खोके येतात-जातात, त्यांना चिठ्ठ्या लावायच्या. नोकरी राहिली, त्यांचे उपकार मानायचे. माझ्या जागेवर जो बसलाय त्याला मीच शिकवलंय, आणि तो माझ्यापेक्षा हळू आहे.

डावा

डाव्या डोळ्याला काचबिंदू आहेच, त्याचे थेंब आयुष्यभर आहेत. ते आजही सुनंदाच घालते. फक्त आता एक फरक पडला आहे. बाटली हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहते आणि विचारते, "डावा. घालू?" मी "घाल" म्हणेपर्यंत ती थांबते. मान हलवलेली तिला चालत नाही, तोंडाने म्हणावं लागतं. रोज दोनदा, गेले आठ महिने.

सुरुवातीला मला तो टोमणा वाटला. मी चिडायचो, "घाल म्हणून किती वेळा सांगायचं?" ती बाटली धरून उभीच.

आता जे सांगतो ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

ऑपरेशन होऊन घरी आलो त्या संध्याकाळी सुनंदाने पिवळ्या झाकणाची बाटली उचलली आणि थांबली. म्हणाली, "अहो, ऑपरेशन झालेल्यात पण घालायचे का हे? का पल्लवीला फोन लावून विचारू?"

तिने विचारलं होतं. मी पडलो होतो, कंटाळलो होतो, पट्टीखाली खाज सुटली होती. कागद सहा पावलांवर देवघरात होता. मी म्हणालो, "घाल गं. कमीच होईल ना? कमी झालेलं बरंच."

तिने घातले. दवाखान्यात मी ओरडलो तेव्हा तिला हे आठवत होतं. मला पण आठवत होतं. तिच्या भावाने तिला सुनावलं तेव्हा, पल्लवी फोटोवरून बोलली तेव्हा, मी खुर्चीत बसलो होतो आणि मला सगळं शब्दन्‌शब्द आठवत होतं. गेल्या आठवड्यात मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस कुणाला?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "सांगून काय? तुम्ही नाय म्हणले असते."

खरं आहे. मी नाहीच म्हटलं असतं.

इथपर्यंत पल्लवीने टाइप केलं. मग तिचे हात थांबले. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. आत दोघींचं काय चाललंय ते मला ऐकू येत नाही. या शेवटच्या ओळी मी स्वतः, उजवा डोळा हाताने झाकून, एका बोटाने टाइप करतोय. चुका असतील.

सात वाजले. सुनंदा बाटली घेऊन आली आहे. तिचे डोळे लाल आहेत. पल्लवी मागे दारात उभी आहे.

"डावा," ती म्हणाली. "घालू?"

"घाल," मी म्हणालो. दारापर्यंत ऐकू जाईल असं.